व्हिटॅमिनच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर: घरच्या घरी करायचा हिशेब

गोळी सुरू कधी झाली ते घरात सगळ्यांना आठवतं. कोरोनात झाली, गुडघे धरले तेव्हा झाली, सुनेच्या बाळंतपणात लिहून दिली. बंद कधी करायची ते मात्र चिठ्ठीवर नसतं, आणि रिकामं पाकीट दाखवलं की मेडिकलवाला नवं काढून देतो. व्हिटॅमिनांनी नुकसान होतं ते बहुतेक याच दोन वाटांनी: एक, थांबायची तारीख नसलेली गोळी, दोन, एकच व्हिटॅमिन तीन नावांनी पोटात जाणं.

म्हणून सुरुवात एका ताटापासून करा. कोनाड्यातल्या, फ्रिजवरच्या, पर्समधल्या, उशाखालच्या सगळ्या गोळ्या, पुड्या, कॅप्सूल, पातळ औषधाच्या बाटल्या एका ताटात काढा. ‘ताकदीची पावडर’ म्हणून दुधात घालतात तो डबाही आणा. आयुर्वेदिक म्हणून घेतलेलं टॉनिकही आणा, त्यातही कधी कधी लोह आणि जीवनसत्त्वं असतात. मग वहीच्या एका पानावर प्रत्येक वस्तूसमोर चार गोष्टी लिहा: कशासाठी सुरू केली, कोणी सांगितली, कोणत्या महिन्यात, आणि कधीपर्यंत. चौथा रकाना बहुतेक रिकामाच राहील. तो भरणं हेच पुढचं काम.

पाकिटावरचं नाव वाचू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. एकाच नावापुढे फोर्ट, प्लस, गोल्ड, डी, एक्सटी असं काही जोडलं की आतला मसाला बदलतो. अक्षरं फारच बारीक असतील तर मोबाइलनं फोटो काढून मोठा करा. आकडे वाचताना तीन ठिकाणी गफलत होते. पहिली मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅमची: १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. दुसरी आययू (व्हिटॅमिन मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक) याची: डी व्हिटॅमिनचे ४० आययू म्हणजे १ मायक्रोग्रॅम. तिसरी कॅल्शियमची: पाकिटावर ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम’ लिहिलेलं असतं, पण त्यात खरं कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असतं. सायट्रेट असेल तर १००० मिलिग्रॅममागे साधारण २१० मिलिग्रॅम. बेरीज खऱ्या कॅल्शियमची करायची.

डब्यावर १४ आकडी एफएसएसएआय (सरकारी अन्न-सुरक्षा संस्था) क्रमांक आणि ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ असं असेल तर ती वस्तू कायद्यानं अन्नात मोडते, औषधात नाही. त्यात वाईट काही नाही. पण तिनं आजार बरा होतो असं कोणी सांगत असेल, तर सांगणारा चुकतोय.

डी३ची पुडी: सगळ्यात जास्त घोटाळा इथं

डी३ म्हणजे गोळ्या-पुड्यांत असतं ते डी व्हिटॅमिन. त्याची ६० हजार आययूची पुडी, कॅप्सूल किंवा ५ मिलीची छोटी बाटली मराठवाड्यातल्या कुठल्याही मेडिकलात मिळते. कमतरता असलेल्या मोठ्या माणसाला साधारणपणे आठवड्यातून एक अशी ८ आठवडे देतात, मग गरज असेल तर महिन्याला एक. म्हणजे पहिल्या टप्प्यात एकूण ४ लाख ८० हजार आययू, दोन महिन्यांत. चिठ्ठीवरचं ‘आठवड्यातून एकदा’ घरी पोचेपर्यंत ‘रोज एक’ होतं आणि तोच साठा आठ दिवसांत संपतो. बरं वाटलं म्हणून पुन्हा आणतात.

दुसरी चूक सावकाश होते. आठ आठवडे संपले तरी आठवड्याची पुडी चालूच राहते, वर्षभर, दोन वर्षं. समजा घरातल्या ६२ वर्षांच्या आजी आठवड्याला एक पुडी घेतात; रोजचा हिशेब ८,५७१ आययू. कॅल्शियमच्या दोन गोळ्या, प्रत्येकीत डी३ २५० आययू, म्हणजे ५००. वर मल्टिव्हिटॅमिनमध्ये ४००. झाले ९,४७१. डॉक्टरांच्या नजरेखाली नसलेल्या मोठ्या माणसानं कायम घ्यायची वरची मर्यादा रोज ४,००० आययू आहे. आजींनी काहीच जास्त घेतलेलं नाही, सगळं डॉक्टरांनीच लिहून दिलेलं, तरी बेरीज दुपटीच्या वर गेली.

डी चरबीत विरघळतं आणि शरीरात साठतं. रक्तातली त्याची पातळी निम्मी व्हायलाच दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून जास्त झालेलं डी गोळी बंद केली तरी महिने-महिने त्रास देतं. त्यातही ६ लाख आययूचं इंजेक्शन सगळ्यात धोक्याचं. गुडघ्यासाठी एका गावात एक घेतलं, कंबरेसाठी दुसऱ्या गावात दुसरं, आणि पहिल्याचा कागद कुणाकडेच नाही, असं सर्रास होतं. इंजेक्शन घेतलं की त्याच दिवशी वहीत तारीख आणि मात्रा लिहा.

जास्त झाल्याची खूण काय? डी वाढलं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. भूक मरते, मळमळ, घट्ट शौच, सारखी तहान, सारखी लघवी, अंगात जीव नसल्यासारखं, म्हाताऱ्या माणसाचं बोलणं असंबद्ध होणं. उन्हाळ्यात हे सगळं ‘ऊन लागलं’ म्हणून खपून जातं आणि अशक्तपणावर आणखी एक पुडी दिली जाते. अशा वेळी पुडी आणि कॅल्शियम दोन्ही त्याच दिवशी थांबवा, आणि रक्तातलं कॅल्शियम व क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट आहे का ते सांगणारी तपासणी) तपासून घ्या. कॅल्शियम साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असावं. डीची पातळी २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता. १०० च्या वर गेली तर गोळी थांबवायची. १५० च्या वर विषबाधेची शक्यता. उपचार सुरू केल्यावर तीन महिन्यांच्या आत पुन्हा तपासणी करून उपयोग नसतो, आकडा स्थिरावलेला नसतो.

विसरू नये म्हणून साधी युक्ती: आठवड्याची पुडी गावच्या आठवडी बाजाराच्या दिवशी. महिन्याची असेल तर पौर्णिमेला. एकादशी धरू नका, कारण डी तेल-तुपाच्या जेवणासोबत नीट शोषलं जातं आणि उपवासाला तेच पोटात कमी असतं. घेतली की कॅलेंडरवर फुली.

ब्लडप्रेशरसाठी हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असलेली गोळी चालू असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. ती गोळी कॅल्शियम लघवीवाटे जाऊ देत नाही, त्यामुळे डी आणि कॅल्शियम जास्त होण्याची शक्यता वाढते. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांना वाढलेलं कॅल्शियम जिवावर बेतू शकतं.

आणि ‘कोवळ्या उन्हात बसा’ हा सल्ला. सकाळी सातच्या उन्हात डी तयार करणारे किरण फारसे नसतातच. दहा-अकरा ते तीन या वेळेत ते असतात. दिवाळी ते होळी या काळात हात, पाय, पाठ उघडी ठेवून वीस-तीस मिनिटं पुरतात. एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडच्या दुपारी हा प्रयोग करू नका, त्यापेक्षा महिन्याची पुडी बरी.

कॅल्शियम: कशासोबत आणि कशाशिवाय

कार्बोनेटची गोळी जेवणासोबत, एका वेळी ५०० मिलिग्रॅमच. दोन एकदम गिळल्या तर दुसरीतलं निम्मं-अर्धं वायाच जातं. लोहाची गोळी आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका; कॅल्शियम लोहाला आत जाऊ देत नाही. गरोदरपणात दोन्ही असतात, तेव्हा सकाळ-संध्याकाळच्या जेवणाला कॅल्शियम आणि मधल्या वेळेला किंवा झोपताना लोह, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत. लोहावर चहा नको, आधी-नंतर तासभर तरी सोडा. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घेतली की कॅल्शियम आणि लोह चार तासांनीच. हे पाळलं नाही म्हणून थायरॉइडचा डोस उगाच वाढवत नेलेले रुग्ण भरपूर असतात.

मुतखडा होऊन गेलेल्यांनी डी, कॅल्शियम आणि क व्हिटॅमिन तिन्ही विचारून घ्यावं. उसाच्या फडात किंवा रानात दिवसभर घाम गाळणारा माणूस पाणी कमी पितो, लघवी दाट असते, त्यात ही तिन्ही म्हणजे खड्याला आमंत्रण. दुसरी बाजूही आहे. बीडकडच्या ऊसतोड करणाऱ्या कितीतरी बायकांची गर्भपिशवी कमी वयात काढलेली असते. सोबत अंडाशयंही काढली असतील तर हाडं लवकर ठिसूळ होतात. अशा बाईला कॅल्शियम आणि डी खरंच लागू शकतं, फक्त ते मोजून आणि कागदावर. टोळीसोबत सहा महिने परमुलखात जाताना चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, म्हणजे तिथला डॉक्टर तीच औषधं दुसऱ्या नावानं पुन्हा सुरू करणार नाही.

ज्या गावच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे तिथली सांधेदुखी कॅल्शियमच्या गोळ्यांनी जात नाही. किनवट तालुक्यात हे नवं नाही. आधी पाण्याची तपासणी.

मुंग्या येतात म्हणून बी कॉम्प्लेक्स

इथं बी१२, बी६ आणि फॉलिक ॲसिड वेगवेगळे ओळखायला हवेत.

बी१२ सुरक्षित आहे. जास्त झालेलं लघवीवाटे जातं आणि त्याला वरची मर्यादा ठरवलेली नाही. माळकरी, शाकाहारी घरात, दूध-दही कमी असेल तर, ते खरंच कमी पडतं. साखरेवर मेटफॉर्मिन आणि सोबत वर्षानुवर्षं गॅसची गोळी घेणाऱ्यांचं तर बऱ्याचदा, कारण दोन्ही औषधं बी१२ नीट आत जाऊ देत नाहीत. अशांनी वर्षातून एकदा बी१२ तपासावं, आणि तेही गोळी-इंजेक्शन सुरू करण्याआधी. नंतर तपासलं तर आकडा फुगलेलाच येतो. २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता. कारण कायमचं असेल तर गोळीही कायमची, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. रोज १००० मायक्रोग्रॅमची साधी गोळीही बहुतेकांना पुरते, दर महिन्याला सुई टोचून घ्यायलाच हवी असं नाही.

बी६चं तसं नाही. आपली रोजची गरज साधारण २ मिलिग्रॅम. बाजारात नुसत्या बी६च्या ४० आणि १०० मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात, शिवाय नसांच्या कॅप्सूलमध्ये ते असतंच. अमेरिकेत वरची मर्यादा रोज १०० मिलिग्रॅम धरतात; युरोपनं २०२३ मध्ये ती १२ वर आणली. जास्त मात्रा महिनोन्‌महिने गेली की नसा बिघडतात: तळपायाला मुंग्या, बधिरपणा, अंधारात चालताना तोल जाणं. म्हणजे ज्या तक्रारीसाठी गोळी घेतली तीच तक्रार गोळीनं होते, आणि मग मात्रा वाढवली जाते. तीन महिने घेऊनही मुंग्या वाढतच असतील तर पाकिटातलं बी६ बघा. क्षयरोगाचे उपचार चालू असताना मात्र आयसोनियाझिड या क्षयाच्या औषधासोबत दिलेली बी६ची छोटी गोळी मनानं बंद करायची नाही. तिथं ती नसा वाचवते.

फॉलिक ॲसिडची ५ मिलिग्रॅमची गोळी ‘रक्त वाढतं’ म्हणून वर्षानुवर्षं घेतात. बी१२ कमी असताना नुसतं फॉलिक घेतलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण आत नसांचं नुकसान चालूच राहतं. म्हणून दीर्घकाळ फॉलिक घ्यायचं तर बी१२ आधी तपासा. संधिवातासाठी मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदा घेणाऱ्यांनी त्या दिवशी फॉलिक घेऊ नये, आणि दोन्ही गोळ्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवाव्यात. दोघी छोट्या, पिवळ्या. अदलाबदल झाली आणि मेथोट्रेक्झेट रोज गेलं तर माणूस दगावतो.

बी कॉम्प्लेक्सनं लघवी पिवळीधमक होते ती बी२मुळे. ती ना उष्णता, ना कावीळ.

ए, ई, बायोटिन, झिंक

ए व्हिटॅमिन यकृतात साठतं. मोठ्यांची मर्यादा रोज १०,००० आययू, आणि काही मल्टिव्हिटॅमिन कॅप्सूलमध्ये एकट्या ५ ते १० हजार असतात. त्यावर माशाच्या यकृताच्या तेलाच्या कॅप्सूल आल्या की मर्यादा ओलांडली. केस गळतात म्हणून घेतात, आणि जास्त एनंच केस गळतात, कातडी सुकते, डोकं दुखतं. दिवस राहिले असतील किंवा राहायची शक्यता असेल तर ही मर्यादा ओलांडूच नका, बाळात व्यंग येऊ शकतं. मुलांना सरकारी डोस ९ महिन्यांना १ लाख आणि पुढे दर सहा महिन्यांनी २ लाख आययू असा पाच वर्षांपर्यंत मिळतो. कार्डावर नोंद असेल तर खासगीत तोच पुन्हा पाजू नका.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी बीटा-कॅरोटीनच्या (शरीरात ज्याचं ए होतं त्याच्या) गोळ्यांपासून लांब राहावं. फिनलंडमध्ये १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात त्या गोळ्या घेणाऱ्या धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग उलट वाढला. गाजर-आंब्यातल्या कॅरोटीनला हे लागू नाही.

ईची हिरवी ४०० मिलिग्रॅमची कॅप्सूल पोटऱ्या वळतात म्हणून, चेहऱ्यासाठी म्हणून चालू असते. अमेरिकेतल्या एका चाचणीत रोज ४०० आययू घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळला, २०११ चा निष्कर्ष. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर रक्तस्रावाची भीती वेगळीच. ऑपरेशनआधी दोन आठवडे बंद. करडईचं तेल आणि शेंगदाणे खाणाऱ्या घरात ईची कॅप्सूल कशाला लागते, हा प्रश्नच आहे.

वॉर्फेरिन किंवा ॲसिट्रोम या रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांनी के व्हिटॅमिन असलेलं मल्टिव्हिटॅमिन मध्येच सुरू किंवा बंद करू नये. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे तो आकडा, खालीवर होतो.

लातूरला शिकायला राहिलेली पोरं-पोरी केस गळतात म्हणून १० मिलिग्रॅमच्या बायोटिनच्या गोळ्या घेतात. गरजेच्या अडीचशे-तीनशे पट. विषारी नाही, पण रक्ताच्या तपासणीला फसवतं: थायरॉइड नसताना थायरॉइड वाढल्यासारखा रिपोर्ट येतो, हृदयाच्या झटक्याची ट्रोपोनिन चाचणी खोटी ‘नॉर्मल’ येऊ शकते. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा आणि लॅबमध्ये सांगा.

कोरोनात सुरू झालेली झिंक ५० आणि क ५०० मिलिग्रॅमची जोडी अजून चालू असेल तर आज थांबवा. झिंकची मर्यादा रोज ४० मिलिग्रॅम. महिनोन्‌महिने जास्त गेलं तर शरीरातलं तांबं कमी होतं आणि लोहानं न सुधारणारा ॲनिमिया होतो. क व्हिटॅमिनला पेरू, आवळा आणि जालन्याची मोसंबी पुरे.

पिवळी सलाईन

सलाईनच्या बाटलीत मल्टिव्हिटॅमिनचं इंजेक्शन टाकलं की ती पिवळी होते, आणि माणसाला ताकद आल्यासारखं वाटतं. ती ताकद बहुतेक पाण्याची आणि मिठाची असते. व्हिटॅमिन बरंचसं लघवीला जातं. शिरेतून दिलेल्या बी१नं क्वचित तीव्र ॲलर्जी होऊन बीपी कोसळतं, आणि वस्तीवरच्या खाटेवर ते सांभाळायची सोय नसते. तोंडानं खाता-पिता येत असेल तर ही सलाईन घेऊ नका.

लोह आणि लहान मुलं

आशाताईंनी दिलेल्या गरोदरपणाच्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक असतं. ती १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. शाळेतल्या मुलींची निळी गोळी तीच मात्रा, पण आठवड्यातून एकदा. किनवट-माहूर भागात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असलेल्या घरांत मात्र रक्त कमी दिसलं म्हणून आपल्या मनानं लोह घ्यायचं नाही, आधी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघतात. जास्तीचं लोह काढायला शरीराकडे वाट नाही.

लाल गोळी लहान मुलाला चॉकलेटसारखी दिसते, आणि मूठभर लोहानं मूल जाऊ शकतं. मुलानं गोळ्या खाल्ल्याची शंका आली तरी १०८ ला फोन करा, पाकीट सोबत न्या, उलटी करवू नका. उलट्या आपोआप थांबल्या म्हणून घरी थांबू नका. लोहात मध्ये काही तास बरं वाटतं आणि मग बिघडतं.

तान्ह्या बाळाचे डीचे थेंब १ मिलीत ४०० आययूचेही मिळतात आणि ८०० चेही. बाळाला रोज ४०० पुरतात. कंपनी बदलली की ड्रॉपर पुन्हा बघा. आणि मोठ्यांची ६० हजारांची ५ मिलीची बाटली बाळाच्या औषधाशेजारी कधीच ठेवू नका, आकारानं सारखीच.

चौथा रकाना भरताना

बी कॉम्प्लेक्स, क, बायोटिन, मल्टिव्हिटॅमिन (वॉर्फेरिन-ॲसिट्रोम घेणाऱ्यांचं सोडून) एकदम थांबवलं तरी चालतं, हळूहळू सोडायची गरज नाही. डीसमोर आठव्या आठवड्याची तारीख लिहा. बी१२, सिकलसेलचं फॉलिक, क्षयातलं बी६, जठराच्या ऑपरेशननंतरच्या गोळ्या यांच्यासमोर ‘डॉक्टरांना विचारून’. मूत्रपिंडाचा आजार असेल तर सगळ्याच ओळींसमोर तेच. जिचं कारणच कुणाला सांगता येत नाही ती गोळी ताटातून बाजूला ठेवा आणि पुढच्या खेपेला वहीचं पान डॉक्टरांसमोर ठेवा. गोळीनं त्रास झाला असं वाटलं तर १८००-१८०-३०२४ या औषध-दुष्परिणाम नोंदणीच्या मोफत क्रमांकावर सामान्य माणूसही कळवू शकतो.

गोळीची जागा अन्नानं कुठं भरते? शेवग्याचा पाला, अंबाडी, तांदूळजा, तीळ-जवसाची चटणी, मोड आलेली मटकी यांनी बरंच भागतं. नुसत्या ज्वारीवर राहून मात्र भागत नाही, हे दख्खननं भोगलेलं आहे. बी३च्या कमतरतेनं होणारा, कातडी-पोट-मेंदू बिघडवणारा पेलाग्रा इथल्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांत दिसायचा, आणि सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्याचा संबंध ज्वारीतल्या जास्तीच्या ल्युसिनशी (प्रथिनांतला एक घटक) जोडला. भाकरीसोबत वरण, शेंगदाणे, दूध आलं की तो प्रश्न उरत नाही. अन्नातून न भागणारी दोनच: शुद्ध शाकाहारात बी१२ आणि घरातच राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं डी.

ठेवायची जागा: पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात गोळी शिजते. कॅप्सूल एकमेकींना चिकटल्या, क व्हिटॅमिन तपकिरी पडलं, पुडीत गोळा झाला, तर टाकून द्या. चुलीपासून आणि मोरीपासून लांब, माठाजवळच्या भिंतीतलं बंद कपाट चांगलं, पण माठाच्या ओलीत नको. दुचाकीच्या डिकीत तर मुळीच नको.